काँग्रेसच्या अध्यक्षपदाची चुरस : १९३९

नागपुराहून दक्षिणेकडे निघालेला मोठा रस्ता वर्धा जिल्ह्यांत उतरला म्हणजे जाम या गांवाशीं दुभंगतो. एक वाट कापसाबद्दल प्रसिद्ध असलेल्या हिंगणघाटावरून पुढें हैदराबादकडे जाते. दुसरी वरोऱ्यावरून चांद्याकडे वळते. वाटसरूला येथें क्षणभर थांबून आपली दिशा ठरवावी लागते. या चौरस्त्यापासून थोड्याच कोसांवर वर्धा शहर आणि त्याच्या शेजारचें सेगांव हें खेडें आहे. १९३६ सालीं गांधीजी सेगांवीं राहावयास आले. पुढें १९४० सालीं, वऱ्हाडांतील शेगांवाशीं टपालाचा घोटाळा होऊं लागल्यामुळें, त्या खेड्याचें नांव सेवाग्राम ठेवण्यांत आलें. शेठ जमनालाल बजाज यांच्या वर्ध्याच्या घरीं राष्ट्रसभेच्या वर्किंग कमिटीच्या बैठकी भरूं लागल्या, आणि कापसाच्या गाड्यांना ओळखणारा हा मुलूख अखिल हिंदुस्थानच्या राजकारणालाहि परिचित झाला. ज्या वर्षीं राष्ट्रसभा स्वतःच एका चौरस्त्यावर येऊन उभी राहिली, त्या १९३९ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीची ही कथा आहे.

या निवडणुकीचा निकाल सर्वांस ठाऊक आहे. श्री. सुभाषचंद्र बोस यांनीं डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांचा पराभव केला आणि तीनच महिन्यांनीं त्यांना तें पद सोडावें लागलें. जानेवारींत ज्या प्रतिनिधींनीं सुभाषबाबूंना निवडलें, त्याच प्रतिनिधींच्या सभेनें मार्चमध्यें त्यांचे हात बांधणारा ठराव मंजूर केला. हें कसें घडलें? प्रतिनिधी चंचल होते, कीं त्यांस दोन वेळां दोन निरनिराळे प्रश्न विचारले गेले? मतदानाच्या जोरावर सार्वजनिक कारभार चालविणाऱ्या कोणत्याहि समाजाला हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम निवडणुकीची रीत पाहिली पाहिजे. पूर्वीं अध्यक्षाची निवड प्रांतिक समित्यांच्या शिफारशींवर होत असे. १९२९ सालीं लाहोरच्या अधिवेशनासाठीं दहा प्रांतांनीं गांधीजींचें, पांचांनीं सरदार वल्लभभाई पटेलांचें आणि तिघांनीं पंडित जवाहरलालांचें नांव सुचविलें होतें. गांधीजींनीं नकार दिला आणि अखेरीस जवाहरलालजी अध्यक्ष झाले. मतांची मोजणी तेव्हां एक उपचार होती. खरा निर्णय वडीलधाऱ्यांच्या सल्लामसलतींत होत असे. १९३४ सालीं मुंबईच्या अधिवेशनांत राष्ट्रसभेची घटना बदलण्यांत आली. तीप्रमाणें वर्षाला चार आणे वर्गणी देणारा प्राथमिक सभासद प्रतिनिधीला निवडणार, आणि हे प्रतिनिधी आपापल्या प्रांतांत एकाच दिवशीं मत देऊन अध्यक्ष ठरविणार, अशी व्यवस्था झाली. अध्यक्षपद अशा रीतीनें कागदावर तरी चार आण्यांच्या सभासदापर्यंत येऊन पोंचलें.

या व्यवस्थेची कसोटी कांहीं वर्षें लागली नाहीं, कारण चुरशीची निवडणूकच झाली नाहीं. लखनौस आणि नंतर खानदेशांतील फैजपूर येथें १९३६ मध्यें पंडित जवाहरलाल अध्यक्ष झाले. १९३८ च्या फेब्रुवारींत गुजरातेंतील हरिपुऱ्यास सुभाषबाबूंची निवड झाली. दोन्ही प्रसंगीं मोठ्यांचें एकमत होतें. परंतु याच अवधींत सभासदांची संख्या झपाट्यानें वाढत होती. १९३६ सालीं सुमारें पांच लाख असलेले सभासद १९३७ मध्यें एकतीस लाखांवर आणि १९३८ मध्यें पंचेचाळीस लाखांवर गेले. प्रांतोप्रांतीं काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं होतीं. सत्तेच्या सावलींत बसावयास सर्वांनाच आवडतें. नोंदवह्यांतून खोटीं नांवें घुसलीं असल्याची तक्रार खुद्द गांधीजी करूं लागले. एकंदरींत १९३९ चा मतदार १९३४ च्या मतदाराहून संख्येनें मोठा, मनानें अधिक स्वतंत्र आणि कांहीं ठिकाणीं अधिक संशयास्पदहि होता.

अध्यक्षपदावरून कलह होण्याचा अनुभव मराठी मुलखास नवा नव्हता. १९०७ सालचें अधिवेशन नागपुरास भरावयाचें होतें. लोकमान्य टिळकांच्या पक्षाला लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते. मवाळ पुढाऱ्यांनीं डॉ. रासबिहारी घोष यांचें नांव पुढें केलें. नागपुरांत जहालांचा जोर दिसूं लागतांच अधिवेशन सुरतेस हलविण्यांत आलें, आणि तेथें खुर्च्या उडाल्या, मराठी जोडा व्यासपीठावर येऊन आदळला आणि राष्ट्रसभा दुभंगली. त्या वेळीं मतपेटी नव्हती. मतें मोजण्याची रीत असती तर जोडा हातांत घेण्याची वेळ आली नसती, असें पुष्कळांस वाटे. १९३९ मध्यें मतपेटी आली. तिनें जोडा थांबविला, पण दुभंग थांबविला नाहीं, हाच या कथेंतील विचार करण्याजोगा भाग आहे.

१९३८ च्या अखेरीस राजकारणांत मुख्य प्रश्न संघराज्याचा होता. १९३५ च्या कायद्यांतील प्रांतिक भाग अंमलांत आला होता. मध्यवर्ती संघराज्याचा भाग अजून लागू व्हावयाचा होता. संस्थानिकांच्या नेमलेल्या प्रतिनिधींना त्यांत मोठें स्थान असल्यामुळें राष्ट्रसभेनें तो उघडपणें धिक्कारला होता. तरीहि आंतून तडजोडीचीं बोलणीं चाललीं असल्याची कुजबूज सर्वत्र होती. सुभाषबाबूंचें म्हणणें असें कीं, युरोपांत युद्ध जवळ येत आहे, इंग्लंड अडचणींत सांपडणार आहे. अशा वेळीं संघराज्याला कडवा विरोध करणाराच अध्यक्ष हवा. तसा दुसरा उमेदवार, उदाहरणार्थ आचार्य नरेंद्र देव, उभा करण्यांत आला तर आपण बाजूस होऊं, असेंहि त्यांनीं सांगितलें.

वडीलधाऱ्या पुढाऱ्यांच्या मनांत निराळें नांव होतें. मौलाना अबुल कलाम आझाद यांना उभें करावें असा विचार झाला. परंतु मौलानांनीं जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांत आपलें नांव मागें घेऊन डॉ. पट्टाभींची शिफारस केली. पट्टाभि हे आंध्रांतील जुने कार्यकर्ते आणि राष्ट्रसभेचे इतिहासकार. त्यांच्याविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती, तसाच त्यांच्यासाठीं जीव टाकणारा तरुणवर्गहि आंध्राबाहेर फारसा नव्हता. आतां सामना दोघांत उरला.

यानंतर आठ दिवस वृत्तपत्रांतून जें पत्रकयुद्ध झालें त्यास राष्ट्रसभेच्या इतिहासांत जोड नाहीं. २१ जानेवारीस सुभाषबाबूंनीं आपण माघार घेणार नसल्याचें जाहीर केलें. २४ जानेवारीस बारडोलीहून वर्किंग कमिटीच्या सात सभासदांनीं उत्तर दिलें. सरदार पटेल, बाबू राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम, आचार्य कृपलानी, भुलाभाई देसाई, वर्ध्याचे जमनालाल बजाज आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव हे ते सात. फारच अपवादात्मक कारण असल्याखेरीज एकाच माणसाला पुन्हां अध्यक्ष करूं नये. धोरण ठरविणें अधिवेशनाचें आणि वर्किंग कमिटीचें काम आहे, अध्यक्षाच्या निवडणुकीचा त्याच्याशीं संबंध नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

सुभाषबाबूंनीं नेमका हाच मुद्दा खोडून काढला. नव्या घटनेप्रमाणें अध्यक्ष हा केवळ सभेच्या खुर्चीवर बसणारा पाहुणा राहिलेला नाहीं. इंग्लंडचा मुख्य प्रधान किंवा अमेरिकेचा अध्यक्ष जसा आपलें मंत्रिमंडळ स्वतः निवडतो तसा तो आपली कमिटी निवडतो. मग त्याची निवडणूक धोरणाच्या प्रश्नावर कां लढविली जाऊं नये? शिवाय वर्किंग कमिटीच्या सभासदांनीं एकत्र येऊन एका उमेदवाराची बाजू घ्यावी हें न्यायाचें नव्हे, प्रतिनिधीला मोकळेपणानें मत देऊं द्यावें, असें त्यांनीं बजावलें. पंडित जवाहरलालांनीं २६ जानेवारीस अलमोड्याहून काढलेल्या पत्रकांत दोहींतील अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला. संघराज्याच्या प्रश्नावर दोन पक्षांत खरें मतांतर नाहीं, असें ते म्हणाले. पण सुभाषबाबूंनीं पुन्हां उभें राहूं नये असा सल्लाहि आपण दिला होता, हें त्यांनीं लपविलें नाहीं.

या वादांत जी एक गोष्ट सुभाषबाबूंना पुढें महाग पडली तिचा उल्लेख केलाच पाहिजे. वरिष्ठ पुढारी संघराज्याबाबत इंग्रजांशीं तडजोड करतील असा समज देशांत पसरला आहे, असें ते लिहून गेले. त्यांनीं कोणाचें नांव घेतलें नव्हतें. पण ज्यांच्याबरोबर वर्षभर एका कमिटींत बसले त्यांच्यावरच हा आरोप आहे, असें त्या सहकाऱ्यांनीं मानलें. निवडणुकीच्या धांदलींत असा शब्द मतें मिळवून देतो. निवडणूक संपल्यावर तोच शब्द सहकार्याच्या दाराला कुलूप घालतो.

मराठी प्रांतांत या वेळीं वारें कोठल्या दिशेनें वाहत होतें? राष्ट्रसभेच्या घटनेंत भाषावार प्रांत होते. मुंबई शहर निराळें, पुण्याकडील महाराष्ट्र निराळा, वऱ्हाडचे चार जिल्हे हा विदर्भ, आणि नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा या जिल्ह्यांचा नागपूर प्रांत. जाम, हिंगणघाट हा टापू या नागपूर प्रांतांत मोडे. सरकारी मध्यप्रांत मात्र एकच होता, व त्यांत हिंदी भाषेचा महाकोशल आणि मराठी भाषेचे दोन प्रांत एकाच मंत्रिमंडळाखालीं नांदत होते. किंबहुना नांदत नव्हते. १९३८ च्या जुलैंत मुख्य प्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांनीं महाकोशलच्या तीन मंत्र्यांस वगळून नवें मंत्रिमंडळ बनविण्यासाठीं पार्लमेंटरी बोर्डाला न विचारतां राजीनामा दिला. वर्ध्यास बैठक झाली, डॉ. खऱ्यांना माघार घ्यावी लागली, आणि पंडित रविशंकर शुक्ल यांच्या हातीं कारभार गेला. नागपुरांतील पुष्कळ मराठी मंडळींच्या मनांत या प्रकरणाचा सल राहिला.

हा सल सुभाषबाबूंच्या मतांत उतरावयास हवा होता, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु खरे प्रकरणाच्या वेळीं राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषबाबूच होते, डॉ. खऱ्यांविरुद्धच्या निर्णयाचें समर्थन करणारें विस्तृत पत्रकहि त्यांचेंच होतें. वरिष्ठांवर रुष्ट झालेल्या नागपूरकरास त्यांच्यांत आपला कैवारी दिसणें कठीण होतें. उलट, वर्धा जिल्ह्यांतील विधायक कार्यकर्ते, खादीचे व ग्रामोद्योगाचे लोक, जमनालालजींच्या आणि गांधीजींच्या निकट सहवासांतले. पुण्याकडेहि शंकरराव देवांच्या शब्दाला वजन होतें. पण तेथील समाजवादी तरुण आणि मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी यांचा ओढा डावीकडे होता. अशा रीतीनें मराठी प्रांत एकमुखी नव्हते. घरोघरीं वडील एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे, अशी स्थिति होती.

२९ जानेवारी १९३९ रोजीं मतदान झालें. सुभाषबाबूंना १५८० आणि डॉ. पट्टाभींना १३७७ मतें पडलीं. अंतर २०३ मतांचें. म्हणजे सुमारें तीन हजार प्रतिनिधींपैकीं एकशें दोघांनीं मन बदललें असतें तर निकाल उलटला असता.

प्रांतवार आंकडे या एकूण बेरजेपेक्षां अधिक बोलके आहेत. बंगालनें आपल्या सुपुत्राला ४०४ मतें दिलीं, पट्टाभींना ७९. आंध्रानें याच न्यायानें पट्टाभींना १८१ दिलीं, सुभाषबाबूंना २८. गुजरातेंत सरदारांचा शब्द प्रमाण होता. तेथें पट्टाभींना १०० आणि सुभाषबाबूंना अवघीं ५. राजेंद्रबाबूंच्या बिहारनें १९७ विरुद्ध ७० असा कौल दिला. हे सर्व निकाल अपेक्षेप्रमाणेंच होते. निवडणूक खरोखर ठरली ती इतर प्रांतांत. संयुक्त प्रांतांत २६९ विरुद्ध १८५, पंजाबांत १८२ विरुद्ध ८६, कर्नाटकांत १०६ विरुद्ध ४१, केरळांत ८० विरुद्ध १८ असें मताधिक्य सुभाषबाबूंना मिळालें. राजाजी ज्या मद्रास इलाख्याचे मुख्य प्रधान, त्यांतील तामिळनाडूनेंहि ११० विरुद्ध १०२ असा कल त्यांच्याकडेच दाखविला.

मराठी प्रांतांत चुरस अशीच अटीतटीची झाली. महाराष्ट्रांत पट्टाभींना ८६ आणि सुभाषबाबूंना ७७. नागपुरांत १७ आणि १२. विदर्भांत २१ आणि ११. तिन्ही मिळून १२४ विरुद्ध १००. शेजारच्या महाकोशलांत तर ६८ विरुद्ध ६७, म्हणजे एका मताचें अंतर. ज्या जिल्ह्यांत गांधीजींची झोपडी, त्याच्या प्रांतांतहि दर पांच प्रतिनिधींत दोघे सुभाषबाबूंकडे गेले, ही गोष्ट लहान नाहीं. वर्ध्याची छाया वर्ध्याच्या शेजारींहि सर्वस्वीं पडली नव्हती.

या आंकड्यांचे दोन अर्थ होऊं शकतात, आणि दोन्ही लावले गेले. बंगाल वगळला तर पट्टाभि १२२ मतांनीं पुढें होते, म्हणून हा प्रांताभिमानाचा विजय, असें एक पक्ष म्हणाला. आंध्र आणि गुजरात वगळले तर सुभाषबाबूंचें आधिक्य साडेचारशेंच्या घरांत जातें, म्हणून देशाचा खरा कौल हाच, असें दुसरा म्हणाला. सोयीचा प्रांत वगळून बेरीज करण्याची ही कला तेव्हांपासून आजतागाईत कोणत्याहि निवडणुकीनंतर पाहावयास मिळते. पण एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य करावी लागली: वरिष्ठांनीं एका नांवावर बोट ठेवावें आणि प्रतिनिधींनीं मान डोलवावी, हा काळ संपला होता.

निकालानंतर दोनच दिवसांनीं, ३१ जानेवारीस, गांधीजींनीं आपलें निवेदन काढलें. सुभाषबाबूंच्या फेरनिवडणुकीला आपला प्रथमपासून विरोध होता. मौलानांनीं नांव काढून घेतल्यावर पट्टाभींनीं मागें हटूं नये असा आग्रह आपणच धरला. म्हणून हा पराभव पट्टाभींपेक्षां आपलाच अधिक आहे, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. सुभाषबाबू देशाचे शत्रु नव्हेत, त्यांनीं आपल्या मताची कमिटी बनवून कारभार हांकावा. ज्यांना त्यांच्याबरोबर चालवत नाहीं त्यांनीं बाजूला व्हावें, असाहि सल्ला त्यांत होता.

या निवेदनानें निवडणुकीचा अर्थच पालटला. २९ जानेवारीस प्रतिनिधींसमोर प्रश्न होता तो सुभाषचंद्र कीं पट्टाभि? ३१ जानेवारीनंतर प्रश्न झाला, सुभाषचंद्र कीं गांधीजी? ज्यांनीं सुभाषबाबूंना मत दिलें त्यांतील बहुतेकांना हा दुसरा प्रश्न कधीं पडलाच नव्हता. त्यांना तरुण, कडवा अध्यक्ष हवा होता. पण गांधीजींविना चळवळ चालवावयाची आहे असें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें, व त्यांनीं तें मानलेंहि नव्हतें. खुद्द सुभाषबाबूंनीं म्हटलें कीं, इतरांचा विश्वास मिळवून देशांतील सर्वश्रेष्ठ पुरुषाचा विश्वास आपणांस मिळवितां आला नाहीं तर ती शोकांतिका होईल. फेब्रुवारीच्या मध्यास ते गांधीजींना भेटण्यासाठीं सेगांवीं येऊन गेले. भेटींतून मार्ग निघाला नाहीं.

२२ फेब्रुवारीस वर्ध्यास वर्किंग कमिटीची बैठक होती. सुभाषबाबू कलकत्त्यास तापानें आजारी पडले होते. बैठक पुढें ढकलावी असें त्यांनीं तारेनें कळविलें. वर्ध्यास जमलेल्या सभासदांनीं याचा अर्थ आपल्यावर अविश्वास असा घेतला, आणि बारा जणांनीं राजीनामे दिले. जवाहरलालजींनीं निराळें पत्रक काढून स्वतःला बाजूस केलें. उरले सुभाषबाबू आणि त्यांचे बंधु शरच्चंद्र. मतपेटीनें अध्यक्ष दिला होता. पण अध्यक्षाबरोबर बसावयास कोणी उरलें नव्हतें.

मार्चमध्यें जबलपूरजवळ नर्मदाकांठीं, कलचुरींच्या जुन्या राजधानीशेजारीं, त्रिपुरीचें अधिवेशन भरलें. बावन्नावें अधिवेशन म्हणून मिरवणुकीस बावन्न हत्ती होते, पण रथांत अध्यक्षांऐवजीं त्यांची तसबीर होती. सुभाषबाबू कडक तापांत स्ट्रेचरवरून मंडपांत आणले गेले. त्यांचें भाषण शरद्बाबूंनीं वाचून दाखविलें. इंग्रज सरकारला सहा महिन्यांची मुदत द्यावी आणि मग लढा पुकारावा, हें त्याचें सार. गांधीजी त्या वेळीं राजकोटास होते. संस्थानिकानें वचनभंग केल्याच्या कारणावरून त्यांनीं केलेलें उपोषण नुकतेंच सुटलें होतें. मंडपांत ते नव्हते, पण मंडपांतील प्रत्येकाच्या मनांत तेच होते.

पंडित गोविंद वल्लभ पंत यांनीं मांडलेला ठराव याच अधिवेशनांत आला. जुन्या वर्किंग कमिटीवर पूर्ण विश्वास आहे. येणाऱ्या आणीबाणींत गांधीजीच देशाला मार्ग दाखवूं शकतात. म्हणून अध्यक्षानें नवी कमिटी गांधीजींच्या इच्छेप्रमाणें नेमावी, असा त्याचा आशय. हा ठराव मंजूर झाला. जानेवारींत सुभाषबाबूंच्या पाठीशीं असलेले काँग्रेस समाजवादी पक्षाचे लोक मतदानाच्या वेळीं तटस्थ राहिले.

या तटस्थतेवर पुष्कळांनीं विश्वासघाताचा शिक्का मारला आहे. तो पुरता न्याय्य नाहीं. समाजवादी मंडळींना राष्ट्रसभा फोडावयाची नव्हती. युद्ध दाराशीं आलें असतां फूट पडणें म्हणजे इंग्रजांस आपण होऊन शस्त्र देणें, असें त्यांचें गणित होतें. प्रांतिक मंत्रिमंडळांच्या सभोंवतीं असलेल्या प्रतिनिधींचें गणित निराळें होतें. वरिष्ठांशीं बिघाड करून त्यांचें चालण्यासारखें नव्हतें. तिसरे कांहीं असे होते कीं ज्यांना सुभाषबाबूंचा तडफदारपणा आवडे, पण त्यांच्या पत्रकांतील संशयाचा सूर रुचला नव्हता. तीन निरनिराळ्या कारणांनीं तीन गट सरकले आणि दोनशें मतांचें आधिक्य सहा आठवड्यांत विरून गेलें. मतें फिरलीं असें म्हणण्यापेक्षां, अर्ध्या मनानें दिलेलीं मतें पूर्ण किंमत द्यावयाची वेळ येतांच मागें सरलीं, असें म्हणणें सत्याला अधिक धरून होईल.

पुढचा भाग थोडक्यांत सांगतां येतो. गांधीजींच्या इच्छेप्रमाणें कमिटी नेमावयाची, तर गांधीजी नांवें सुचवीनात. तुम्ही आपल्या मताची एकजिनसी कमिटी नेमा, असेंच ते पत्रोपत्रीं लिहीत राहिले. ठराव एक मार्ग बंद करीत होता आणि गांधीजी दुसरा. २९ एप्रिल १९३९ रोजीं कलकत्त्यास अखिल भारतीय समितीच्या बैठकींत सुभाषबाबूंनीं राजीनामा दिला. राजेंद्रबाबू अध्यक्ष झाले. ३ मे रोजीं फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा झाली. महाराष्ट्रांत सेनापति बापट आणि नागपुरांत कामगार पुढारी रामभाऊ रुईकर त्यांच्या बाजूस गेले. ऑगस्टमध्यें वर्ध्यासच वर्किंग कमिटीनें शिस्तभंगाबद्दल सुभाषबाबूंना तीन वर्षें कोणत्याहि निवडणुकीच्या अधिकारपदाला अपात्र ठरविलें. पुढच्याच महिन्यांत युरोपांत युद्ध सुरू झालें. त्याविषयींचें सुभाषबाबूंचें भाकीत खरें ठरलें. तें खरें ठरलें त्या घडीला मात्र त्यांच्या हातीं अध्यक्षपद नव्हतें.

अशी उदाहरणें इतर देशांतहि सांपडतात. अमेरिकेंत अध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार ठरविण्यासाठीं संस्थानोसंस्थानीं प्राथमिक निवडणुका होतात. १९१२ सालीं रिपब्लिकन पक्षांत थिओडोर रूझवेल्ट यांनीं विद्यमान अध्यक्ष टॅफ्ट यांच्याविरुद्ध अशा निवडणुकींपैकीं बहुतेक जिंकल्या. टॅफ्ट यांच्या स्वतःच्या ओहायो संस्थानांतहि बाजी मारली. परंतु बऱ्याच संस्थानांतील प्रतिनिधी तेव्हां पक्षाच्या जुन्या यंत्रणेच्या हातीं होते, आणि पक्षाच्या परिषदेनें उमेदवारी टॅफ्ट यांनाच दिली. रूझवेल्ट बाहेर पडले, त्यांनीं नवा पक्ष काढला, आणि त्या दुफळींत तिसरेच वुड्रो विल्सन निवडून आले. सुभाषबाबूंनीं आपल्या पदाची तुलना अमेरिकेच्या अध्यक्षपदाशीं केली होती. पण त्यांचें नशीब १९१२ च्या रूझवेल्टशीं अधिक जुळलें.

आपल्याकडे हाच धडा पुन्हां गिरविला गेला. १९५० सालीं नाशिकच्या अधिवेशनासाठीं पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि शंकरराव देव असे तिघे उभे होते. टंडनजींना १३०६, कृपलानींना १०९२ आणि देवांना २०२ मतें मिळालीं. १९३९ मध्यें बारडोलीच्या पत्रकावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांपैकीं दोघे या वेळीं स्वतः हरणाऱ्या उमेदवारांच्या रांगेंत होते, हा काळाचा न्याय म्हणावा. टंडनजी रीतसर निवडून आले. पण पंतप्रधान नेहरूंचा विश्वास त्यांना लाभला नाहीं. १९५१ च्या ऑगस्टमध्यें नेहरूंनीं वर्किंग कमिटीचा राजीनामा दिला, आणि सप्टेंबरमध्यें टंडनजींना पद सोडावें लागलें. व्यक्ति बदलल्या, धोरणें बदललीं. मतांच्या बहुमतामागें कार्याचें बहुमत नसेल तर तें टिकत नाहीं, हा अनुभव तोच राहिला.

मग १९३९ ची मतपेटी व्यर्थ गेली काय? तसें म्हणतां येणार नाहीं. वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध मत देतां येतें, तें उघडपणें मोजलें जातें आणि हरलेला महापुरुष आपला पराभव पहिल्या दोन दिवसांत चारचौघांत कबूल करतो, हा पायंडा त्या निवडणुकीनें घातला. नागपूरच्या बारा आणि विदर्भाच्या अकरा प्रतिनिधींना आपल्या शेजारच्या महात्म्याविरुद्ध मत देण्यास भीति वाटली नाहीं, हें त्या काळाच्या सार्वजनिक जीवनाचें भूषण आहे. उणीव राहिली ती दुसरीकडे. जिंकणाऱ्यानें हरलेल्यांना संशयांतून मोकळें केलें नाहीं, आणि हरलेल्यांनीं जिंकणाऱ्याला एक वर्षाचा अवसर दिला नाहीं. निवडणूक ही अर्धीच गोष्ट असते; तिच्यानंतर एका बैठकींत बसण्याची तयारी ही उरलेली अर्धी.

जून १९४० मध्यें फॉरवर्ड ब्लॉकची अखिल भारतीय परिषद नागपुरास भरली. ती आटोपून सुभाषबाबू सेवाग्रामास गेले आणि गांधीजींना भेटले. मतभेद मिटले नाहींत, पण भेट झाली. पुढच्याच महिन्यांत कलकत्त्यास त्यांना अटक झाली. नंतरची कथा सर्वश्रुत आहे. ६ जुलै १९४४ रोजीं परदेशांतील नभोवाणीवरून गांधीजींना उद्देशून बोलतांना त्यांनीं त्यांस राष्ट्रपिता म्हणून संबोधिलें आणि आपल्या लढ्यासाठीं आशीर्वाद मागितला. ज्यांच्याविरुद्ध २०३ मतांनीं विजय मिळविला त्यांचाच आशीर्वाद त्यांना शेवटीं हवासा वाटला. जामच्या चौरस्त्यावर वाटा फुटतात, तरी एकाच मातींतून त्या जातात. त्या दोन थोर पुरुषांच्या वाटाहि अशाच होत्या.